मधल्या खोलीची ओली भिंत

पन्हळ एकच होती, पण आता ती दोन रंगांची झाली होती. मागच्या गल्लीतून पिशवी सावरत येताना मधलीला ती लांबूनच दिसली आणि ती रस्त्यात उभीच राहिली. छपराच्या कडेने गेलेली डावीकडची अर्धी पन्हळ हिरवी, उजवीकडची अर्धी तपकिरी, आणि दोन रंग भेटतात तिथे पट्टी धरून आखल्यासारखी सरळ रेघ. ही रेघ मारायला कुणीतरी शिडीवर चढलं असणार, दोरा ताणला असणार, एक डोळा मिटून नीट बघितलंही असणार. तिच्या भावांना कामाचा कंटाळा आहे असं कोण म्हणेल?

मधली म्हणजे तीन भावंडांतली मधली. थोरला तिच्याहून चार वर्षांनी मोठा, धाकटा तीन वर्षांनी लहान, आणि बावन्न वर्षांची झाली तरी तिची ओळख तीच राहिली. चार तासांवरच्या शहरात, गणवेश शिवायच्या कारखान्यात ती सत्तर शिलाई मशीनवर देखरेख करायची. सत्तर मशीन एकदम चालू असताना शेवटच्या रांगेतल्या बाईला ऐकू जाईल असा आवाज तिने कमावला होता आणि तो घरी आल्यावरही खाली येत नसे. राग तर तिच्या नाकाच्या शेंड्यावरच बसलेला असायचा. पण त्या दिवशी रेघ बघून तिला आला तो नेहमीचा राग नव्हता. कारण ती पन्हळ बाबांची होती.

बाबा पत्र्याचं काम करायचे. घर त्यांनी विकत घेतलेलं, पण पन्हळ स्वतःच्या हाताने केलेली. घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड, डाव्या टोकाला चार बोटं उंच आणि उजव्या टोकाला उतरती, म्हणजे सगळ्या छपराचं पाणी उजवीकडच्या पाइपातून थेट गटारात जाईल. पावसाळा तोंडावर आला की ते कामावरून आठवडाभर सुट्टी घ्यायचे आणि त्याला पाण्याचा आठवडा म्हणायचे. छपरावरच्या खिळ्यांची भोकं बुजवायची, खिडक्यांच्या फटी लिंपायच्या, भिंतींच्या पायाशी माती भरून ती घरापासून लांब उतरती चोपायची आणि सगळ्यात शेवटी पन्हळ साफ करायची. तिघांत वजनाने हलकी मधली, म्हणून छपरावर तिलाच चढवायचे. बाबा तिला खार म्हणायचे.

पन्हळ स्वच्छ झाली की परीक्षा व्हायची. बाबा पाइपाच्या तोंडाशी पितळी वाटी घेऊन बसायचे आणि ती वर डाव्या टोकाला एक काचेची गोटी सोडायची. गोटी गडगडत सगळ्या घराची लांबी कापायची, पाइपातून उतरायची आणि वाटीत टणकन वाजायची. तो आवाज ऐकला की पाऊस यायला बाबांची हरकत नसायची.

बाबा गेले त्याला पाच वर्षं झाली आणि त्याच वर्षी घराचे दोन भाग झाले. डावं घर थोरल्याचं, उजवं धाकट्याचं. हत्यारांचीही वाटणी झाली. शिडी थोरल्याकडे गेली आणि पत्रा कापायची कात्री धाकट्याकडे. शिडीशिवाय कात्री वर जात नाही आणि कात्रीशिवाय वर जाऊन उपयोग नाही, हे दोघांनाही कळत होतं, आणि म्हणूनच कुणी कुणाकडे काही मागितलं नाही. दोन वर्षांनी थोरल्याच्या अंगणातल्या झाडाच्या पाल्यावरून त्यांचं बिनसलं आणि तेव्हापासून दोघांत बोलणंही बंद झालं.

वाटणीच्या वेळी मधलीने सही केली होती. कारखान्यात मोठी ऑर्डर आलेली, तिला सुट्टी अर्ध्या दिवसाची आणि कागद सात पानांचा. कुठे करायची, एवढंच तिने विचारलं होतं. फक्त घराच्या मध्यावरची एक खोली आईसाठी तिघांच्या नावावर राहिली. त्या खोलीला दोन दारं, एक थोरल्याकडे उघडणारं आणि एक धाकट्याकडे. सकाळचं जेवण एका दारातून यायचं आणि रात्रीचं दुसऱ्या.

आणि गेल्या आठवड्यात एकाच दिवशी दोघांचेही फोन आले. आईच्या खोलीचा एक लहानसा कागद आहे, येऊन सही तेवढी करून जा. तीन वर्षं एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन माणसांनी शब्दाला शब्द जुळवून एकच वाक्य म्हटलं, तेव्हाच तिने कान टवकारायला हवे होते. पण तिला वाटलं, चला, निदान आईच्या बाबतीत तरी यांचं एकमत झालं. तिने चार दिवसांची सुट्टी टाकली.

ती थोरल्याच्या दारातून आत गेली. म्हणजे आता जाताना धाकट्याच्या दारातून जायला हवं, नाहीतर त्याचं नाक फुगणार, हेही तिने लक्षात ठेवलं. थोरल्या वहिनीने पाण्याचा पेला दिला आणि त्याच हाताने कागदही पुढे केला. नंतर बघते म्हणत मधलीने तो न उघडता पर्समध्ये टाकला आणि ती आईच्या खोलीत गेली.

आत पाऊल टाकताच तिला वास आला. बंद पेटीतल्या जुन्या कपड्यांना येतो तसा, पण त्याहून जड. पाऊस संपून आठ महिने झाले होते, बाहेर उन्हाने डांबर मऊ पडलं होतं आणि या खोलीत पायाखालची फरशी गार लागत होती. पलंगाच्या चारी पायांखाली विटा होत्या. मागच्या भिंतीला कपडे ठेवायचं कपाट लावलेलं होतं, जे तिथे पूर्वी कधीच नव्हतं.

आई पलंगावर बसून होती. शहात्तर वर्षांची, अंगाने अर्धी झालेली, पण नजर अजून सुईत दोरा ओवणारी. मधली कपाटाला हात घालते आहे हे बघताच ती म्हणाली, की ते राहू दे, ते जड आहे. मधलीने खांदा लावून कपाट सरकवलं.

मागे भिंत म्हणावी असं फारसं काही उरलं नव्हतं. छतापासून फरशीपर्यंत दोन हात रुंदीचा काळा पट्टा होता. तिने बोट लावलं आणि गिलाव्याचा तळहाताएवढा तुकडा तिच्या हातात आला, मागोमाग ओली वाळू. कपाटाच्या पाठीला पांढरी बुरशी धरली होती.

"किती वर्षं झाली?"

"गेल्या वर्षी जरा जास्त आली ओल."

"किती वर्षं, आई?"

"तीन," आई म्हणाली आणि तिला खोकल्याची उबळ आली. ती थांबल्यावर म्हणाली, "राहू दे ना. मला सवय झालीय. कपाट परत लाव."

मधलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन पावसाळे ही बाई या खोलीत झोपली होती, दोन्ही बाजूंना पोटचे दोन मुलगे, एक हाक मारली तर दोन दारं उघडतील इतक्या जवळ. आणि दोघांना या भिंतीचा पत्ता नव्हता? की पत्ता होता आणि दोघांनीही मूग गिळले होते? ती तरातरा थोरल्याकडे गेली.

थोरल्याला पत्ता होता. तो स्वेच्छानिवृत्ती घेतलेला कारकून, प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे कलम असायचं. त्याचं म्हणणं असं, की तो दर वर्षी स्वतःची पन्हळ रेघेपर्यंत साफ करतो, अगदी बोटभर मागे नाही आणि बोटभर पुढे नाही. रेघेच्या पुढे पाणी अडतं ते धाकट्याने अडवल्यामुळे, तेव्हा जे काही विचारायचं ते त्यालाच विचार.

धाकट्याचं घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीचं दुकान होतं आणि समोरच्यालाही दुरुस्तीची गरज आहे असा त्याचा एकंदर सूर असायचा. तो म्हणाला, की दादाच्या झाडाचा पाला माझ्या पन्हळीत का यावा? सांगून थकलो, तो ऐकेना. म्हणून रंगाऱ्याची शिडी होती तेव्हा वर चढलो आणि बरोबर रेघेवर पन्हळीत आडवा पत्रा बसवला. सिमेंटने पक्का लिंपून टाकला. आता बघ, माझी पन्हळ आरशासारखी असते.

मधली त्याच्याकडे बघतच राहिली. म्हणजे तीन वर्षं अर्ध्या छपराचं पाणी उतारावरून धावत येत होतं, त्या पत्र्यावर आपटत होतं, आणि पुढे वाट नाही म्हणून पन्हळ भरून खाली कोसळत होतं. खाली कुठे, तर घराच्या बरोबर मध्यावर, आईच्या भिंतीवर. पत्र्याचं काम करणाऱ्याच्या दोन मुलांना, बाबांच्या हाताखाली दर वर्षी माती चोपलेल्या दोन मुलांना हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण पत्रा काढला असता तर धाकटा हरला असता, आणि डाव्या बाजूला नवा पाइप लावला असता तर थोरला. हरायचं कुणालाच नव्हतं, म्हणून भिजत होती आई.

ती मागच्या अंगणात गेली, दोन्ही घरांना ऐकू जाईल अशी मध्यावर उभी राहिली आणि सत्तर मशीनवरचा आवाज लावला.

"ही भिंत सुकल्याशिवाय मी कुठल्याही कागदावर सही करणार नाही. दोघांनी ऐकलं का?"

दोघांनीही ऐकलं. ऐकलं म्हणजे इतकं ऐकलं, की पाव तासात थोरल्याची शिडी भिंतीला लागलेली होती आणि धाकट्याची कात्री खिडकीच्या कठड्यावर ठेवलेली होती. पाच वर्षांत न झालेली गोष्ट एका वाक्यात झाली. मधलीला स्वतःचाच अभिमान वाटला. माणसाला दरडावायला कुणीतरी लागतं, असं ती त्या संध्याकाळी आईला दोनदा म्हणाली. गोटी शोधायला मधलीने बाबांचा पत्र्याचा डबा मागितला तेव्हा आई म्हणाली, की गोटी केव्हाच हरवली.

सकाळी साडेसहाला मधली छपरावर होती. गुडघे कुरकुरले, पण हातांना जागा आठवत होत्या. खालून आईचा आवाज आला, की उतर खाली, वय झालं तुझं. थोड्या वेळाने पुन्हा, की राहू दे म्हटलं ना तुला. तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा त्यात काळजीपेक्षा राग जास्त होता, पण मधलीला तेव्हा तो ओळखू आला नाही. रागाचा सगळा साठा आपल्याच घरी आहे असं तिला वाटत होतं.

आडव्या पत्र्याच्या डाव्या अंगाला, म्हणजे थोरला दर वर्षी साफ करतो म्हणाला त्याच बाजूला, वीतभर काळा चिखल साचला होता. त्यात कुजलेला पाला, एक दात घासायचा ब्रश, अर्धा चेंडू आणि चक्क एक रोपटं, चांगलं चार पानांचं. उजवीकडे खरोखरच आरसा. मधलीने दोन्ही हातांनी चिखल उपसला. खाली दोन्ही अंगणांत भाऊ आणि भावजया माना वर करून उभ्या होत्या. तिने एक ओंजळ हिरव्या बाजूला टाकली, एक तपकिरी बाजूला, मग पुन्हा हिरव्या. वाटणीची हौस आहे ना, घ्या, कुणाला कमी पडायला नको. थोरली वहिनी ओरडली, की आत्ताच अंगण धुतलं होतं. मधली म्हणाली, की मग पुन्हा धुवा, आईची भिंत तीन वर्षं धुतलीत तशी.

सिमेंट फोडायला तासभर गेला. मग कात्रीने पत्रा कापून काढला तेव्हा त्याच्या धारेने अंगठा कापला, पण तिने तो तोंडात धरून रक्त थांबवलं आणि काम सोडलं नाही. धाकट्याच्या नळीने डाव्या टोकाला पाणी सोडलं. पाणी हिरव्यातून तपकिरीत गेलं, रेघेपाशी क्षणभरही थांबलं नाही, आणि खाली पाइपातून भळाभळा गटारात पडलं. मधलीचे डोळे भरून आले. मग त्याच भरात दुपारी तिने आईच्या भिंतीच्या पायाशी खचलेला खड्डा मातीने भरला, घराकडून बाहेर उतार दिला आणि फळीने चोपून चोपून घट्ट केला. अंग मोडून आलं होतं, पण मन कसं स्वच्छ झालं होतं.

संध्याकाळी आईने तिच्या अंगठ्याला पट्टी बांधली. बांधताना तिने गाठ जरा जास्तच जोरात ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या खोलीची दोन्ही दारं एकदम उघडली. एका दारातून थोरला आला, दुसऱ्यातून धाकटा, आणि धाकट्याच्या मागे एक गवंडी. मधलीला वाटलं, गिलावा करायला आणलाय. कुठे गेला तो कंटाळा? एका दिवसात गवंडीही मिळाला. गवंडीबुवांनी कपाट सरकवलं, काळ्या पट्ट्यावर तळवा टेकवला, बोटांच्या पेरांनी चार ठिकाणी ठोकून बघितलं.

"पाणी थांबलं ना वरून? मग महिनाभरात सुकेल," ते म्हणाले. "मी मागेच सांगितलं होतं, ओल्या भिंतीला नवी भिंत धरत नाही. आता धरेल."

त्यांनी खिशातून खडू काढला, मागच्या भिंतीचा मध्य मोजला आणि तिथून फरशीवर सरळ रेघ ओढत निघाले. रेघ पलंगापाशी येऊन थांबली. जरा पलंग सरकवता का, असं ते सहज म्हणाले. आई उशी छातीशी धरून उभी राहिली. थोरल्याने पलंगाचं एक टोक धरलं, धाकट्याने दुसरं. या दोघांनी एकत्र काही उचललेलं मधलीने बाबांना उचललं त्यानंतर बघितलं नव्हतं.

"हळू, तुझ्याकडे वीट आहे," थोरला धाकट्याला म्हणाला.

"बघितली मी," धाकटा म्हणाला.

तीन वर्षांत ते एकमेकांशी बोललेले हे पहिले शब्द.

"कसली नवी भिंत?" मधलीने विचारलं.

थोरला चकित झाला. अगं, कागदात सगळं लिहिलंय की, तू वाचला नाहीस? मधलीने पर्स उघडली, चष्मा लावला आणि तिथेच उभ्याने कागद वाचला. तो दीड पानाचाच होता, कागद लिहिणाऱ्याने दोघांकडे वेगवेगळं जाऊन ठरवलेला. खोलीचे मध्यावर भिंत घालून दोन समान भाग. डावा थोरल्याच्या घराला जोडायचा, उजवा धाकट्याच्या. आईने सहा महिने एकाकडे राहायचं आणि सहा महिने दुसऱ्याकडे, थोरल्याकडे स्वयंपाकघराच्या बाजूच्या बोळात, धाकट्याकडे काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत. बहिणीची हरकत नाही. खाली दोन सह्या होत्या, एकीखाली एक, आणि तिसरीसाठी जागा सोडलेली होती.

गवंड्याला बाहेरून भिंत दाखवायला दोघे भाऊ अंगणात गेले. दरवाजातून जाताना एकमेकांना आधी जा, आधी जा, असंही झालं. खोलीत मायलेकी उरल्या. पलंग वाकडा होऊन कोपऱ्यात पडला होता आणि मध्यभागी पांढरी रेघ होती. आईने उशी पलंगावर ठेवली, पण बसली नाही.

"ओली होती तोवर माझी होती," ती म्हणाली.

 मधलीला नेहमीसारखा आधी रागच आला, आणि तोही आईचाच.

"मला का नाही सांगितलंस? मी काल दिवसभर वर होते. एका शब्दाने सांगायचंस."

"राहू दे म्हटलं तुला. किती वेळा म्हटलं?"

"तसं नव्हे. नीट सांगायचं होतंस. कागदाचं सांगायचं होतंस."

"काय सांगणार?" आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण असा कठोर आवाज मधलीने तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "मागच्या कागदाला सात पानं होती. तू विचारलंस, कुठे करायची."

मधली पलंगाच्या कडेवर बसली. दोन दिवस ती ज्या रागावर स्वार झाली होती, त्याने तिला बरोबर इथे आणून आपटलं होतं. भावांनी भिंत भिजवली होती हे खरं, पण सुकवली होती तिने. अंगठा कापून, गुडघे मोडून, वर शेजाऱ्यांना ऐकवून. पाव तासात शिडी आली तेव्हा तिला वाटलं होतं आपल्या आवाजाला घाबरले. घाबरले कुठले, खूश झाले होते. गवंड्याने सांगितलेलं काम फुकटात करायला बहीण चालून आली होती.

"आणि तुझा खोकला?" तिने विचारलं.

"खोकल्याला औषध आहे," आई म्हणाली.

बाहेर धाकटा काहीतरी विनोद करत होता आणि थोरला हसत होता. ते हसणं मधलीच्या कानात शिरलं. ती उठली आणि अंगणाच्या बाजूची खिडकी उघडून तिने दोघांना आत बोलावलं. या वेळी आवाज चढवला नाही. कारखान्यातल्या बायका सांगतील, ही बाई ओरडते तेव्हा घाबरायचं नाही, हळू बोलते तेव्हा घाबरायचं.

दोघे आले आणि आपापल्या दारात उभे राहिले. मधलीने कागदाची घडी घातली, मग घडीवर घडी, आणि तो रुमालाएवढा झाल्यावर पर्समध्ये ठेवून चेन लावली.

"मी सही करणार नाही."

धाकटा म्हणाला, की ताई, भिंत सुकली की करशील असं तूच म्हणालीस, सगळ्यांनी ऐकलंय. थोरला म्हणाला, की शब्द फिरवणं शोभत नाही.

"शब्द फिरवला," मधली म्हणाली. "ही खोली तिघांच्या नावावर आहे. त्यातला माझा तिसरा हिस्सा मला पाहिजे, आणि तो मी काढून घेणार नाही, इथेच ठेवणार आहे. कुठून कुठपर्यंत ते विचारू नका, मी रेघ मारणार नाही."

"तुला काय करायची ही खोली?" थोरल्याचा चेहरा लाल झाला. "तुला घर नाही का तिकडे?"

"मला आहे. आईला नाही."

मग जो गोंधळ झाला तो काय सांगावा. एक शब्द थोरला टाकायचा, दुसरा धाकटा उचलायचा. तीन वर्षं कधी आली नाहीस, आजारपणं आम्ही काढली, डबे आम्ही दिले, आणि आता हक्क सांगायला आलीस. त्यातलं बरंचसं खरं होतं, म्हणून मधलीला ते जास्त लागलं.  दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून तिच्यावर तुटून पडले होते, आणि एवढं एकमत त्यांचं बाबा असताना कधी झालं नव्हतं. शेवटी थोरल्याने बजावलं, की पुढच्या वर्षी माझी शिडी मिळायची नाही. धाकटा म्हणाला, माझी कात्रीही नाही. आणि एकाच वेळी दोन्ही दारं आपटली.

गवंडीबुवा अंगणातल्या अंगणात घुटमळत होते. मधलीने त्यांना खिडकीतूनच सांगितलं, की भिंत घालायची नाही, पण महिन्याने या आणि ओली बाजू खरवडून गिलावा करून द्या. मग तिने फडकं ओलं केलं आणि गुडघ्यांवर बसून फरशीवरची खडूची रेघ पुसली. पलंग तिच्या एकटीच्याने हलेना. आईने दुसरं टोक धरलं. विटांसकट तो दोघींनी इंच इंच करत मूळ जागी आणला आणि मग दोघीही धापा टाकत त्यावर बसल्या.

"आणि पुढच्या वर्षी पन्हळ?" आईने विचारलं. "झाड काही पाला गाळायचं थांबणार नाही. धाकटा पुन्हा पत्रा घालेल."

"मी येईन."

"मागच्या तीन वर्षांत आली नाहीस."

 कामाच्या ऑर्डरींचं नाव घ्यायची मधलीला लाज वाटली. येईन, ती पुन्हा म्हणाली, शिडी घेऊन येईन, पाण्याचा आठवडा करीन.  आईने उशीखालून बाबांचा डबा काढला, झाकण उघडलं, आणि मधलीचा पट्टी बांधलेला हात ओढून त्यात काचेची गोटी ठेवली.

"ही घेऊन जा," ती म्हणाली. "एकच आहे. हा डबा सोडला तर तुझ्या बाबांची आठवण म्हणून माझ्याजवळ दुसरं काही नाही. मला ती परत पाहिजे."

चौथ्या दिवशी मधली निघाली, तेव्हा दोन्ही भावांची दारं बंद होती आणि तिला निरोप द्यायला कुणी बाहेर आलं नाही. ती मागच्या अंगणातून, स्वतः चोपलेल्या मातीवरून गेली. बसमध्ये तिला सगळ्यांचा राग येत होता, थोरल्याचा, धाकट्याचा, कागद लिहिणाऱ्याचा, आणि सगळ्यात जास्त, सात पानं न वाचता सही कुठे करायची एवढंच विचारणाऱ्या त्या बाईचा. गोटी तिने पर्समध्ये टाकली नव्हती. ती मुठीत होती, आणि उतरेपर्यंत तिने मूठ उघडली नाही.